बंद बटणाचं विमान

ती. बाळासो पाहुणे यांस,

कडेगावहून लालासाहेबाचा रामराम. तुमचं पित्त एव्हाना बसलं असेल आणि वहिनींचा गुडघाही पायऱ्या चढू देत असेल, अशी आशा करतो. (फोनवर 'विमान' शब्द ऐकला की तुमच्याकडची रेंज जाते, म्हणून हे पत्र.)

फौजेतून आल्यावर मी शेडात जे मागंपुढं दोन सीटचं विमान जुळवतोय, त्याला पंख सोडून सगळं लागलं आहे. गेल्या शनिवारी बॅटरी आणि बटणंही जोडली. वायरिंग मीच केलं. (तुमची हयात सांगलीत ट्रॅक्टरचं वायरिंग करण्यात गेली हे मान्य, पण घरच्या माणसाला किती त्रास द्यायचा?) स्टार्टरचं बटण सीटपुढं गुडघ्याच्या उंचीवर बसवलं, कारण तिथं भोक आयतंच होतं. त्याची तार मेन स्विचमधून न नेता सरळ बॅटरीला जोडली, कारण तार तेवढीच उरली होती.

रविवारी तुमची बहीण चहा घेऊन आली. एरवी ती शेडाच्या दारातूनच कप पुढं करते. त्या दिवशी कप फळीवर ठेवून म्हणाली, "बसून बघू का जरा?" मी हरखलो. तिला बसवलं आणि समोर उभा राहून, पुढच्या पंख्याच्या पात्यावर हात टाकून, इंजिनाची थोरवी सांगू लागलो. सांगता सांगता घसा सुकला म्हणून कप घ्यायला बाजूला झालो. तिनं साडी सावरायला पाय उचलला, गुडघा बटणावर टेकला आणि इंजिन धडाडलं. चाकांना विटा लावायच्या राहिल्या होत्या. विमान निघालं.

"हरणे, बंद कर!" मी मागं धावत ओरडलो.

"आवं, बंदच हाय!"

पाहुणे, ती खरं बोलत होती. इग्निशनचं बटण बंदवरच होतं. पण या इंजिनाची रीत उलटी. ठिणगी थांबवायची तर एक तार बॉडीला टेकलेली लागते. ती मी जोडलेली होती, म्हणजे निसटलेली होती. बटण बंद, ठिणगी चालू!

गोठा चुकवून, न्हाणीची भिंत वाचवून (हे सगळं तिनं पायाखालच्या पेडलांनी वळवून केलं, शिकवलं कुणी नव्हतं) विमान आपल्याच उसात शिरलं. पंख्याचे तुकडे उडाले. मग तिनं मोपेडसारखा पेट्रोलचा कॉक शोधून फिरवला, तेव्हा कुठं इंजिन आचके देत थांबलं. ती खाली उतरली, केसांतलं पाचट काढलं आणि म्हणाली, "लय वढ हाय गड्याला."

मी बांधावर बसलो होतो. मघाशी पात्यावर टाकलेला हात बघत होतो. पाचही बोटं दोनदा मोजली.

आता विमान ताडपत्रीखाली आहे. नाद कायमचा सोडला. मोठ्यांना नमस्कार, पोरांना पापा.

आपला,
लालासाहेब

ता. क. ताडपत्री काढायला वेळ लागत नाही. येत्या रविवारी या. झाकणाचं स्टार्टर बटण आणा, त्याची तार मेन स्विचमधूनच न्या आणि ती ठिणगीची तार तुमच्या हातानं आवळा. बहिणीलाही दोन शब्दांत समजवा. ती चार दिवस गप्प आहे, मनातून फार घाबरली असावी.

ता. क. २. पाकीट चिकटवताना ती आली, वरचं सगळं वाचलं. म्हणते, "दादाला लिवा, बटनं माझ्या हाताला पुरतील अशी बसव. ह्यांना मागं बसायचंय."