धोंडूमामांची जाहिरात

भोर, मंगळवार, १३ नोव्हेंबर २००७

आजही मामांना सांगणं जमलं नाही. राजगडाच्या पायथ्याला गुंजवण्यात धोंडूमामांनी गडावर येणाऱ्यांसाठी दोन खोल्या बांधल्या, त्यांची इंटरनेटवरची जाहिरात मीच टाकली. कुठले शब्द शोधले की ती दिसावी, हे आपण ठरवायचं. नुसता 'राजगड' शब्द नको, त्यात शाळेची पोरंही येतील, म्हणून 'राजगड मुक्काम जेवण' घेतले. शब्द चोख आहेत. मग चूक कुणाची? चूक तरी कशी म्हणू?

मामा रोज एसटीनं माणसं माझ्या सायबर कॅफेत आणतात. आज मार्गासनीचे व्याही आणि त्यांचे भाऊबंद होते. मामांनी एकेकाचं बोट धरून माऊसवर ठेवलं. "दाबा पाव्हणं, माजंच नाव येतंय." दर क्लिकला मामांचे पैसे कापले जातात; दिवसाच्या पैशात बसणारे दहा क्लिक झाले की जाहिरात त्या दिवसापुरती बंद होते. अकरा वाजेस्तोवर दहाही आमच्याच बोटांनी संपतात. पुण्यात कुणी मुक्काम शोधला तर त्याला काय दिसणार?

पाहुण्यांसमोर मामांचा हात कसा अडवू?

"सलीम, अजून एक बी फोन न्हाई," निघताना मामा हळूच म्हणाले. "आमचंच दाबणं कमी पडत आसंल. उद्या अख्खी भजनी मंडळी आणतो."

मी म्हणालो, "या."