बांधापर्यंतची खुर्ची

१७ नोव्हें., सोम.
दादा जेवता जेवता म्हणाला, गुढीपाडव्याला रान बटईनं दुसऱ्याला कसायला देऊन टाकू. ताटातून मान वर केली नाही.
वहिनी कडब्याच्या गंजीवरून पडल्या त्याला दोन वर्षं झाली. कंबरेखालचं सगळं गेलं. त्याआधी रानाचा कारभार त्यांचाच, दादा नावाला. आता रान त्यांना दादाच्या तोंडून कळतं, आणि दादाला सांगता कुठं येतं! "हरभऱ्याचे शेंडे खुडले का?" विचारलं तर म्हणे, "चांगलाय हरभरा."
ताटं उचलल्यावर मला हळूच: "भावजी, गावाच्या हिरीवरल्या जळक्या मोटारींत नवी तार भरता तुमी. मला रानात न्हेईल असं एखादं चाक न्हाई का तुमच्या दुकानात?"
दवाखान्याची चाकांची खुर्ची ओसरीपासून नळापर्यंतच जाते. पुढं फुफाट्यात रुतते.
येळवस १९ डिसें.ला. अख्खं गाव रानात जेवतं तो दिवस. मागच्या दोन येळवशी त्यांनी एकट्यानं घरात काढल्या. तोपर्यंत जमेल?

२० नोव्हें.
भंगारातून ई-स्कूटरची दोन चाकं आणली, मोटर चाकातच बसवलेली. दुकान बंद करून एक उघडली. आत चुंबक, तांबं, बस. गियर नाही, चेन नाही. फारच सुंदर काम. पण ढेकळात जोर कुठून काढणार? पळायला बनलंय हे, ओढायला नाही.
ई-रिक्षाच्या मोटारी बघायच्या. दोन. डाव्या चाकाला एक, उजव्याला एक, प्रत्येक मोटर आणि तिच्या चाकामध्ये चेन. एक पुढं एक मागं फिरवली की जागेवर वळेल. (वळेल ना?)

२७ नोव्हें.
खुर्ची वळली!! दुकानासमोर गरगर. समोरचा चहावाला कप धुवायचा विसरला.

३० नोव्हें., रवि.
वहिनींच्या जागी ज्वारीचं पोतं बांधून ओल्या रानात चाचणी. टायर मुद्दाम मोठ्या नक्षीचे घेतले होते, पकड चांगली म्हणून. काळ्या मातीनं ती नक्षी पहिल्या दमातच भरून टाकली. मग नुसता लगदा फिरतोय.
शेजारच्या रानातले बाप्पा त्यांच्या ज्वारीत उभे. आमचा बांध त्यांच्याशी सामाईक, त्यामुळं आमचं काहीही त्यांना दिसतंच. "चाक हाय बे ते का शेणाचा गोळा?"
हसलो, पण डोक्यात तेच. जास्त पकड म्हणजे जास्त माती. मग कमी नक्षी? गुळगुळीत टायर, आणि मागं माती खरवडायला पत्र्याची पट्टी?

४ डिसें.
पट्टी चालते. माती सालीसारखी निघते, बघतच राहावं वाटतं.
वहिनी पहिल्यांदा बसल्या. पदर खोचला, दांडी पुढं ढकलली आणि कोंबड्यांवर धाडच! नंतर उंबऱ्याच्या चढावर पुढची चाकं उचलली. मी धावत जाऊन मागून सावरली. बॅटरी मागं ठेवली ती चूक, पायाखाली घ्यायला हवी.
दादा दारातून: "पडली म्हंजी?"
वहिनी: "पडायचं ते एकदा पडून झालं की. भावजी, हिला मागं कसं घ्यायचं?"

१३ डिसें.
बॅटरी पुढं घेतली. आता चढावर शहाण्यासारखी जाते.
रानात जायची वाट बांधावरूनच. टेप लावला. खुर्ची बसून वर वीतभर जागा उरते. झालं काम! लई खुशीत आहे आज.

१९ डिसें., शुक्र. येळवस
सकाळी निघालो. वहिनी पुढं, मांडीवर आंबिलीचं मडकं. बाया थांबून बघतायत, वहिनी मान ताठ. फुफाट्यातून सुरळीत गेली, ओढ्यातल्या गोट्यांवरून गेली.
बांधावर चढली. थोडं पुढं गेल्यावर डावं चाक काठावरून घसरलं. मी धरली म्हणून बरं.
टेप मी बांधाच्या तोंडाशीच लावला होता. तोंडाशी ट्रॅक्टर वळतो, नांगर उचललेला असतो, तिथं बांध शाबूत राहतो. आत दरसाल दोन्हीकडून थोडा थोडा कोरलेला. जन्म इथं गेला, आणि मला हे सुचू नये! स्वतःचाच राग आला.
दादा बाप्पांवर घसरला, तुमीच खाल्ला बांध. बाप्पा: "दोन्हीकून खाल्लाय. तुजं औत काय उपाशी हुतं का?"
वहिनी हसायला लागल्या. "बाप्पा खरं बोलत्यात. मीच सांगायची ट्रॅक्टरवाल्याला, घे जरा बांधाच्या आत. आता भोगते."
बाप्पा वरमले. म्हणाले, माज्या ज्वारीतून ने खुर्ची. वहिनी: "उभ्या पिकात चाक न्हाई घालायची मी."
दादा म्हणाला, उचलून नेतो.
"नगं. उचलून दोन वर्षं न्हेताच की."
मग पंगत बांधाच्या तोंडाशीच बसली. भाज्या-शेंगांची भज्जी, आंबील सगळं तिथं आणलं. वहिनी जेवल्या, हसल्या, आमच्या हिरव्या पट्ट्याकडं बघत राहिल्या.

२१ डिसें.
बाप्पा स्वतः घरी येऊन म्हणाले, ज्वारी निघाल्यावर एक तास मी सोडतो, एक तुमी सोडा. म्हणजे एकेक नांगराची ओळ, बांध पुरेसा रुंद होईल. दादा हो म्हणाला नाही, नाही पण म्हणाला नाही.
पण ज्वारी निघून नांगरट होईपर्यंत पाडवा येणार, आणि रान बटईला जाणार.
खुर्ची अरुंद केली तर? कलंडते. चाकं एकामागं एक? कागद भरून चित्रं काढली, एकही पटत नाही.

२४ डिसें.
सकाळी चार्जिंगची वायर नुसतीच लोंबकळत होती. खुर्ची नाही, वहिनी नाहीत. दादा दूध घालायला गेलेला.
चाकांच्या खुणा धरून पळत गेलो. बांध जिथं अरुंद होतो तिथं खुर्ची उभी. रिकामी.
हाक मारली तर खालून आवाज: "कावून वरडताय? हितंच हाय मी."
बांधाखाली हरभऱ्यात बसलेल्या. बसल्या बसल्या सरकत, हातावर जोर देत. मांडीखाली पोत्याची घडी, लुगडं आंबेनं, हरभऱ्यावरच्या आंबट दवानं, ओलं, ओटीत खुडलेले शेंडे, बाजूला खुरपं. मागं बरीच मोठी पट्टी खुडून झालेली.
मी काहीबाही ओरडलो. पाय खरचटले तर कळणार पण नाही तुम्हाला, वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं.
"झालं? उतरले कशी ते इचारू नका. चढायचं कसं ते सांगा. मघापासून त्याच इचारात हाय."
आणि मी इतके दिवस काय करत होतो? रानात फिरणारी खुर्ची. त्यांना रानात फिरायचंच नव्हतं. मातीत बसायचं होतं.
दोघांनी मिळून चढवलं, माझी पाठ मोडली. परत येताना: "बैल बसतो तशी बसंल का हो ही?"

२७ डिसें.
गोठ्यात बाप्पांचा बैल बघत बसलो. बसताना पुढचे गुडघे आधी, उठताना मागचे पाय आधी. उतरायला ठीक, खुर्ची पुढं वाकली की वहिनी सरकून खाली. पण उठताना मागचं आधी उचललं तर त्या तोंडावर. म्हणजे उठताना सपाट उठायला हवी. बैलाची अर्धीच नक्कल.
जीपचा कात्रीचा जॅक, त्याला वायपरची मोटर? जोर पुरेल, फार हळू होईल. हळू चालेल का, त्यांनाच विचारायचं. खाली किती टेकते ते अजून माहीत नाही.
दादा पाडव्याचं काही बोलत नाही. संध्याकाळी मात्र गवत काढायला खुरपं शोधत होता. वहिनींना विचारलं.
"बांधाखाली ठिवलंय, हरभऱ्यात. असू द्या तितंच, मला लागतंय."
दादानं विळा घेतला.