पन्नासावं क्षमापत्र

३० ऑगस्ट, शुक्रवार. भावनगर
आणलं ते: संवत्सरीची छापील क्षमापत्रं, पोस्टकार्डासारखी, ५०, रु. १२५. चार्मीच्या पारण्यासाठी चांदीची वाटी, रु. ३,४००. तिला बांधणी, रु. २,२००, घासाघीस करून. विहीणबाईंना श्रीफळ.
लेक अठ्ठाई करणार! आठ दिवस निव्वळ उकळलेलं पाणी, तेही सूर्य मावळेपर्यंतच. सासरी पालनपूरला पहिलंच पर्युषण तिचं. सरयूबेन फोनवर म्हणाल्या, "विहीणबाई, आमच्याकडे सुनेची पहिल्या वर्षी अठ्ठाई व्हायचीच. माझी झाली, मोठीची झाली. मिरवणूक काढू. तुम्ही फक्त नटून या!"
मी हसले. हो म्हटलं.
मग चार्मीचा फोन. "मम्मी, नको म्हणू का? पण कारण काय सांगू?"
"आठच दिवस गं. भगवान पार पाडेल."
कारण मला ठाऊक आहे. तीन वर्षांपूर्वी अमदावादला तिचं ऑपरेशन केलं. जठर छोटं करून आतडं वळवून जोडलं. एकशे बारा किलोची पोर चौसष्टवर आली, स्थळं यायला लागली. सगळ्यांना सांगितलं, आयंबिलं करून, एकवेळ बिनतुपाचं अळणी खाऊन उतरली! सासरीही तेच. शपथ मीच घातली — माझ्या गळ्याची.

१ सप्टेंबर, रविवार
उपाश्रयात महाराजांच्या प्रवचनाला बायकांचा गराडा. रसीलाबेन म्हणाली, "आयंबिलांनी पोरीचं सोनं झालं! नाहीतर आमची सून. उपासाच्या आदल्या दिवशी आठ दिवसांचं जेवून घेते!" सगळ्या हसल्या. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, विनय.

३ सप्टेंबर, मंगळवार
ट्रंकेतून डॉक्टरांचा कागद काढला. 'दिवसभर घोट घोट पाणी, तीन लिटर. एकदम पिता येणार नाही. लांब उपास कधीही नाही. मूतखड्याचा धोका.' कॅल्शियमच्या गोळ्या मी हिंगाष्टकाच्या बाटलीत भरून सासरी दिल्या होत्या.
जुलैत म्हणाली होती, "पाठीत कळा येतात. रात्री मोरीत चोरून पाणी पिते, मम्मी." मी काय म्हटलं? "कुणी बघेल! त्या घरात सूर्यास्तानंतर कुणी पाणीसुद्धा घेत नाही. पिताना धरलं तर मी कुठे तोंड लपवू?" मग तिने ते सोडलं.
कागद परत ठेवला. फोन केला नाही.

५ सप्टेंबर, गुरुवार
पाचवा उपास. "मम्मी, लघवी चहासारखी होतेय. तीही थोडीशीच."
"तीनच राहिले," म्हटलं मी.
असं म्हटलं. लिहून ठेवते.

७ सप्टेंबर, शनिवार. अमदावाद
काल दुपारी ती पालनपूरला देरासरमध्ये दर्शनाला गेली, पायरीवरच कोसळली. इथल्या इस्पितळात आणलं. मी रात्रीच्या बसने आले. मूत्रपिंडं जवळजवळ बंद. यंत्रावर रक्त धुताहेत.
डॉक्टरांनी विचारलं, "आधी काही ऑपरेशन?" पोटावर पाच बारीक व्रण. चार्मी माझ्याकडे बघत राहिली. सरयूबेन शेजारीच.
मी म्हटलं, "अपेंडिक्सचं."
"अपेंडिक्सला पाच भोकं?"
जिनेश्वरा! पोटची पोर यंत्राला लावलेली आणि मी खोटं बोलले!
संध्याकाळी एकटी डॉक्टरांच्या खोलीत गेले, जुना कागद पुढे ठेवला. ते चिडले. "सकाळीच सांगायचं ना, माताजी! आतड्याच्या त्या जोडणीनेच खडे होतात. त्यात पाणी तोडलंत." मग हळू आवाजात म्हणाले, "काही भरून येईल. पूर्ण येईल असं वचन देत नाही. आणि घरी रात्रीचं पाणी पाजायला मी येणार आहे का? ज्यांच्या घरात राहायचंय त्यांना सांगा."

८ सप्टेंबर, संवत्सरी
सरयूबेन आल्या, तोंडात पाण्याचा थेंब नाही. माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या. सगळ्या वॉर्डासमोर माझ्यापुढे हात जोडले. "विहीणबाई, मिच्छामि दुक्कडम्. माझ्या हट्टाने झालं हे. तुमची फुलासारखी पोर मी उपासाला बसवली." आणि हुंदके देऊन रडल्या.
जिभेवर आलं होतं. निघालं मात्र, "असू द्या. देवाची इच्छा."
मी त्यांना क्षमा केली! मी!
चार्मीने भिंतीकडे तोंड फिरवलं.

९ सप्टेंबर
आज पारणं झालं असतं. वाटी पिशवीत तशीच.

११ सप्टेंबर, बुधवार
लघवी सुटली! दोनशे मिली. नर्सकडून माप दोनदा बघून घेतलं.
सरयूबेन काल पालनपूरला परतल्या. एकोणपन्नास पत्रं पत्ते घालून टाकली. कुणाला वर्षभरात भेटलेसुद्धा नाही — त्यांची क्षमा मागायला काय लागतं?
चार्मी बघत होती. "मला नाही पाठवलंस?"
"तुझी तोंडी मागते, बेटा."
"माझी नको. त्यांची मागून दाखव. आणि तुझ्या गळ्याची शपथ सोडव."
दोनदा फोन लावला. 'जय जिनेंद्र'च्या पुढे जीभ गेली नाही.

१२ सप्टेंबर, गुरुवार
लिफाफा आणायला निघाले. चार्मी म्हणाली, "उघडंच टाक, मम्मी. झाकून खूप झालं." पन्नासावं पत्र उघडंच टाकलं. ही नक्कल:
'सरयूबेन, छापील ओळीत जाणता-अजाणता असं आहे. त्यातलं अजाणता मी खोडलं आहे. चार्मीचं वजन आयंबिलांनी नाही, ऑपरेशनने उतरलं. उपास तिला वर्ज्य होते, हे मला ठाऊक होतं. तिचं तोंड मी शपथेने बांधलं. दोष तुमचा नाही, तिचा नाही. तिला आता जन्मभर रात्रीसुद्धा पाणी प्यावं लागेल. तुमच्या घरात ती उजेडात पिऊ शकेल का? नसेल तर मी तिला घेऊन जाते. पुढच्या शुक्रवारी सोडणार आहेत. वॉर्ड तीन, खाट अकरा. काय ते उलट टपाली कळवा.'