मशीन कोणाला सांगतं

५ जानेवारी, सोमवार
मशीन आलं. शहापूरच्या डॉ.नी लिहून दिलं, पैसे कंपनीने भरले. इथेच पहिला संशय. दिवाळीला मिठाईचा एक पुडा दोघांत वाटून घ्या म्हणणारी कंपनी माझ्या नाकासाठी मशीन घेते?
झोपेत माझा श्वास थांबतो म्हणे. थांबतो, मग घोरत परत सुरू होतो, असं रात्रभर. म्हणून दिवसा डुलकी. म्हणून वैशाखऱ्याजवळ स्टाफ बस रस्ता सोडून शेतात गेली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. मी अजून म्हणतो की समोरच्या ट्रकने डोळ्यांवर अप्पर लाइट मारला. ट्रक कोणी पाहिला नाही, कारण बसमधले सगळे झोपलेले. त्यांना झोपलेलं चालतं.
महिनाभर मशीन लावून झोपायचं, मग डॉ. सही करणार, मग परत स्टेअरिंग. तोपर्यंत कंपनीच्या गेटवर उभं राहायचं. माझी बस सध्या सुपरवायझरचा मेव्हणा चालवतो. यात काय ते आलं.

६ जाने.
नाही जमत. फवारणीच्या पंपाची नळी नाकाला बांधल्यासारखं वाटतं. हवा आपोआप आत घुसते, बाहेर सोडायला मात्र भांडावं लागतं. तासाभरात मास्क काढून ठेवला.
सु. (बायको. पूर्ण नाव लिहीत नाही, वही कोणाच्या हाती लागली तर) म्हणाली, "अवो, लावा ना. नोकरीचा सवाल हाय."
मशीनवर एक हिरवा दिवा आहे. मधेच लुकलुकतो. कोणाला खुणा करतो कोण जाणे.

९ जाने.
कळलं. मशीनवाल्या मॅडमचा (पुढे म.म.) शहापूरहून फोन. "काका, तुम्ही रोज तासाभरातच मास्क काढताय."
मी कोणाला बोललो नव्हतो! आत सिमकार्ड आहे म्हणे. किती वेळ लावला, किती वेळा श्वास थांबला, सगळं रोज सकाळी तिच्या कॉम्प्युटरवर. विचारलं, कंपनीला पण जातं का? "नाही हो काका, कंपनीला फक्त महिन्याचा रिपोर्ट." फक्त!
सु.ला विचारलं, हे आपलं बोलणंपण ऐकत असेल का. "तुमचं घोरणं ऐकून त्यालाच झोप येयाची नाय," म्हणाली. तरी मशीनवर टॉवेल टाकला. तापलं. तिने ओरडून काढायला लावला.

१२ जाने.
मेव्हण्याने गेटवर दोनदा हॉर्न दिला. गेट उघडंच होतं.
सुपरवायझर हसत हसत, "आराम करा भाऊ, घाई काय?" घाई काय म्हणजे काय? रिपोर्ट त्याच्या टेबलावरच येणार ना. माणूस बिनबोभाट काढायचा असेल तर आधी त्याला मशीन द्यायचं, मग म्हणायचं की बघा, हा लावतच नाही.

१३ जाने.
डोकं चाललं. मशीनला श्वास कळतो, माणूस थोडाच कळतो! सु.ला म्हटलं, माझ्याऐवजी तू लाव. तास भरल्याशी मतलब.
आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, "तुमची गाडी परत भेटंल ना?"
म्हटलं, भेटेल.
अंबाड्यामुळे पट्टा बसेना. वेणी घातली, मग बसला. तिची ती झोपली, मी माझा मोकळ्या नाकाने.

१५ जाने.
विचित्र प्रकार. सकाळी मी उठलो तर सु. अजून झोपलेली. चूल थंड. लग्न झाल्यापासून असं कधी नाही. मशीनमधून गुंगीचं काही सोडतात की काय? मशीनच्या पाण्याच्या डब्याचा वास घेतला. पाणीच आहे. तरी ओतून दिलं आणि नवीन भरलं.

१८ जाने.
सु. वालाच्या शेंगा घेऊन धसईच्या बाजाराला गेली. एरवी पाटीपुढे बसल्या बसल्या पेंगते. बाजारातल्या बायका तिला डुलकीबाय म्हणतात आणि खापर माझ्यावर फोडतात, नवरा घोरतो, बिचारीला झोप कुठची. आज टक्क जागी. सगळ्या शेंगा खपवल्या, वर एका गिऱ्हाइकाशी भांडून आली. "डोका कसा हलका वाटतंय," म्हणाली.
संध्याकाळी तिनेच विचारलं, "आज पण मीच लावू ना?"
एवढी हौस कशी काय? म.म.ने हिला गाठलं असेल का? तिचा फोन बघितला. सगळे कॉल बहिणीचे, मुरबाडहून.

२१ जाने.
म.म.चा फोन. मला वाटलं, शाबासकी. "काका, तास छान भरतायत. पण गेले काही दिवस श्वास फार थांबतोय. तुमच्यासाठी लावलेलं हवेचं प्रेशर पुरत नाहीये. दुखणं आधीपेक्षा वाढलंय हो. गाडीला हात लावू नका, लवकर दाखवायला या."
डोकं फिरलं. ठरलंच होतं यांचं! लावला नाही तरी नापास, लावला तरी नापास. रागारागाने फोन ठेवला.
चहा हातात तसाच राहिला. मग लक्षात आलं. त्या सगळ्या रात्री मास्कमधलं नाक माझं नव्हतंच.

२२ जाने.
साप्ताहिक सुट्टी. दुपारी जेवून सु. ओटीवर आडवी झाली. मी पेपर घेऊन समोर बसलो. पेपर नुसता हातात.
आधी घरघर. मग एकदम सामसूम. छाती वरखाली होतेय, पण हवा नाही. मी उठलो, हलवणार तेवढ्यात घसा खरवडत श्वास आला. थोड्या वेळाने परत तेच. परत.
इतकी वर्षं शेजारी झोपतो, मला कधी ऐकू आलं नाही. पडल्या पडल्या मी झोपणार, आणि माझ्याच आवाजात तिचं कोण ऐकणार? अख्ख्या दुनियेवर संशय घेतला, शेजारच्या उशीकडे बघितलं नाही.
भीती वाटली. फार वाटली. बस शेतात गेली तेव्हा इतकी नव्हती वाटली.

२३ जाने.
सु.ला सांगितलं. तिला रागच आला. "मी बाई मानूस, घोरते का? काय पण बोलता!" मग काल फोनमध्ये घेतलेला तिचा आवाज ऐकवला. ऐकला आणि फोन उलटा ठेवला.
खरं सांगावं तर फसवलं म्हणून नोकरी जाणार, मेव्हणा पक्का. नाही सांगावं तर हिला तपासणार कोण? मशीन कंपनीचं, तेही माझ्या नावाचं.
सु. म्हणते, "नका सांगू. आधी तुमची गाडी. माझा बगू मागाहून." हे माझ्यासाठी की तपासणीची भीती म्हणून, कळत नाही. विचारलं तर उठून गेली.
झोपताना मास्क मी तिच्याकडे सरकवला, तिने माझ्याकडे. शेवटी तिनेच माझ्या डोक्याला पट्टे आवळले, जनावराला दावं बांधावं तसे. आणि जागी राहिली, मी काढतो का ते बघायला. म्हणजे आता पाळत घरातूनच.

२९ जाने.
शहापूर. सरळगावहून एसटीने, सु.ला बरोबर नेलं. किन्हवलीला बस थांबली तेव्हा मनाशी ठरवलं, सांगून टाकायचं. तिला काही बोललो नाही.
म.म.ने स्क्रीन फिरवून दाखवली. रेघाच रेघा. "या मधल्या रात्री बघा काका, अगदी वेगळ्या आहेत. मशीन दुसऱ्या कोणाला दिलं होतं का?"
मी तोंड उघडलं. माझ्याआधी सु. म्हणाली, "नाय गो बाय. यानीच लावलेला. मी बाजूलाच व्हते ना."
पापणी लवली नाही तिची. मला सगळ्यांचा संशय येतो, पण ही इतकं सफाईने खोटं बोलेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.
म.म. माझ्याकडे बघून, "काका?"
टेबलाखाली सु.ने माझं मनगट धरलेलं. घट्ट.
म्हटलं, "मॅडम, त्या रात्री हिच्या आहेत. हिला तपासा."
सु.ने हात काढून घेतला. म.म. एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिली. मग आम्हाला बाहेर बसवून डॉ.कडे गेली. परत आली ती एवढंच म्हणाली, की काकूंना पुढच्या आठवड्यात तपासणीला आणा. सहीचं डॉक्टर बघतील. कंपनीला काय कळवायचं तेही तेच ठरवतील.
बघतील म्हणजे काय, विचारायचं राहून गेलं.
परतीच्या एसटीत सु. खिडकीकडे तोंड करून बसली. किन्हवली यायच्या आत झोपली, मान माझ्या खांद्यावर आली. श्वास थांबला की मी कोपराने हळूच ढोसायचो, की सुरू. परत थांबला की परत कोपर.
डोळे न उघडता म्हणाली, "उगा ढोसू नका. मला बोलायचा नाय तुमच्याशी."
म्हटलं, "नको बोलूस. श्वास घे."