पंचवीस मिनिटं लाल उजेड

३ फेब्रुवारी
आली एकदाची टोपी! आतून बारीक लाल दिवे – मोजले, ऐंशी. दिवसाआड पंचवीस मिनिटं घालायची. चिमीच्या उजव्या कानाच्या वरचे केस विरळ झालेत, तेवढी जागा उजेडाखाली नीट येते का, ते आधी माझ्याच डोक्यावर घालून पाहिलं. ही बँकेतून आली तेव्हा मी स्वयंपाकघरात तसाच उभा. "तुझ्या डोक्यावर काय उगवणार आता!" तिला हसू आवरेना.

मला हसू येईना. पंचविशीत टक्कल पडलं मला. त्याचं कधी काही वाटलं नाही. पण पोरीला सतराव्या वर्षी हा वारसा द्यायला नको होता.

५ फेब्रुवारी
पहिली वेळ. चिमी टोपी घालून पुस्तक उघडून बसली.
"गरम लागतंय?"
"नाही."
"चरचरतंय?"
"नाही रे."
"डोळ्यांवर उजेड येतोय?"
"बाबा, जा ना!"
गेलो. म्हणजे दाराबाहेर उभा राहिलो.

९ फेब्रुवारी
दुकानात बोलून बसलो, उगाच. मालक म्हणाले, "लाल दिव्यानं केस उगवत असते तर सिग्नलवरच्या हवालदाराच्या डोक्यावर जंगल माजलं असतं!" सगळे हसले. मीही हसलो. मग एका चष्म्यात डावी काच उजवीकडे बसवली. वीस वर्षांत पहिल्यांदा.

१८ फेब्रुवारी
फोटो काढला. तीच खुर्ची, तीच खिडकी, शेजारी दुकानातली मोजपट्टी धरून. विरळ जागा तीन सेंटिमीटर. पंधरवड्यापूर्वी अडीच होतं!

माहितीपत्रक पुन्हा वाचलं. सुरुवातीला गळती वाढू शकते, फरक दिसायला चार-सहा महिने लागतात, घाबरू नये. घाबरू नये म्हणे! लिहिणाऱ्याला मुलगी नसावी.

१९ फेब्रुवारी
ती कॉलेजला गेल्यावर तिची उशी झाडून पाहिली. एकही केस नाही. कंगव्यात दोन. मग जातात कुठं?

२ मार्च
परीक्षा तीन आठवड्यांवर आली. चिमी टेबलावरून उठत नाही. केस डावीकडून ओढून घेते आणि वर क्लिप लावते, म्हणजे दिसू नये. मी म्हटलं, रोज घालायची का टोपी? ही भडकली. "आधी डॉक्टरला दाखव. घरातल्या घरात किती दिवस दिवे लावणार आहेस?"

बरोबर आहे तिचं. मीच टाळत होतो. डॉक्टर म्हणणार, बापावर गेलीय. ते ऐकायची छाती नव्हती.

४ मार्च
चार सेंटिमीटर! संध्याकाळी पुन्हा खोलीत डोकावलो. चिमी केवढी दचकली. "सारखं डोकं बघायला येऊ नकोस ना, बाबा." सॉरी म्हणालो.

मुकाट्याने डॉक्टरांची वेळ घेतली.

११ मार्च
डॉक्टर तरुण बाई. कसली घाई नाही. मीच सुरू झालो – माझं टक्कल, माझ्या वडिलांचं टक्कल, टोपी, पट्टी, फोटो. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "टोपी वाईट नाही. घराण्यातून आलेलं विरळपण असेल तर काहींना उपयोग होतो."

असेल तर!

मग भिंग लावून ती जागा बघत राहिल्या. किती वेळ! भिंगापाठचे चेहरे मी रोज बघतो. काही सापडलं की माणूस क्षणभर श्वास घ्यायचा थांबतो. त्या थांबल्या. चिमीला हळूच काहीतरी विचारलं. चिमी माझ्याकडे बघेना.

"तुम्ही जरा बाहेर बसता का?"

चाळीस मिनिटं बसलो. हिला फोन लावला, मला बाहेर बसवलंय एवढंच सांगितलं. नुसताच धरून बसलो. तिनेही फोन ठेवला नाही.

१२ मार्च
केस गळत नव्हतेच. माझ्यावर गेलीच नव्हती पोर. ती उपटत होती. अभ्यासाला बसली की एकेक करून, आठ महिने. बाई म्हणाल्या, हा आजार आहे, ओरडू नका, यावर उपचार आहेत. सोमवारी समुपदेशकांकडे जायचंय, तिघांनी.

"हात थांबतच नाही रे बाबा," चिमी म्हणाली. "टोपी घातली की तेवढी पंचवीस मिनिटं तिथे हात पोचायचा नाही. म्हणून बसायचे."