मोजलेली जॅकेटं

सर,

परवा जहाज सुटणार आहे आणि मला भीती वाटते आहे. हे एक वाक्य लिहायला सकाळपासून बसले होते. नारायण पेठेतल्या या खोलीत खालून दुचाकींचे हॉर्न ऐकू येतात, समोरच्या घरात कुकरच्या शिट्ट्या होतात, समुद्राचा मागमूस नाही. पुण्यात राहून समुद्राचं काय करता, असं लोक अजून विचारतात. तुम्हालाही विचारायचे. तेव्हा तुम्ही म्हणायचात, "तो इथे यायला तयार नाही, म्हणून आम्ही जातो." हे संशोधनाचं जहाज तुम्ही पाहिलं नाहीत, तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी आलं. त्यावरचं शास्त्राचं काम आणि शिकायला येणारी कॉलेजची मुलं, दोन्ही माझ्याकडे आहेत. कुठे थांबायचं, किती खोलीवरचं पाणी घ्यायचं, कोणाला काय शिकवायचं, कोण जेवलं, कोण उलट्या करून पडलंय, सगळं मी बघते. बाहेरून फार रुबाबदार दिसतं. गेल्या फेरीपासून मात्र मला नीट झोप नाही.

झालं असं. समुद्र खवळलेला होता, पण काम थांबवण्याइतका नाही. सूक्ष्म जीव पकडायचं लांब जाळं वर ओढायच्या आधी सगळी मुलं डेकवर आहेत की नाहीत हे मोजायचं, असा माझाच नियम. मी वरच्या कठड्यापाशी उभी राहून नारिंगी लाइफ जॅकेटं मोजली. बरोबर भरली. मुलांनी थट्टा म्हणून पाण्याचे नमुने घ्यायच्या उंच सांगाड्याला एक जॅकेट आणि टोपी घालून "हा आमचा नवा विद्यार्थी" म्हणून फोटो काढले होते, हे मला वरून कसं दिसणार? ते जॅकेट पुण्याजवळच्या मांजरी गावच्या एका मुलीचं. तिला मळमळत होतं, गळ्याशी पट्टा नको झाला, म्हणून तिनेच काढून दिलं. जाळं वर आलं, बाटल्या भरल्या, पण त्यांवर चिठ्ठ्या लावायचं काम तिचं होतं आणि बाटल्या तशाच पडून राहिल्या. मी हाक मारली. उत्तर नाही. शौचालयं, झोपायच्या खोल्या, स्वयंपाकघर, कुठेच नाही. मग सगळेजण एक एक करून जहाजाच्या मागच्या पाण्याकडे बघायला लागले. कप्तानांनी विचारलं, "शेवटची कोणी पाहिली? कधी?" मी फक्त जॅकेटं मोजली होती. जहाज वळायला लागलं. मी त्या पाण्यात एक डोकं शोधत होते आणि प्रत्येक लाट मला डोकं वाटत होती.

ती सापडली नमुने ठेवायच्या थंड खोलीत. तिथे डिझेलचा वास येत नाही म्हणून पाच मिनिटं टेकायला गेली आणि घेरी येऊन खोक्यांच्या मागे आडवी झाली. बाटल्या ठेवायला खलाशाने दार उघडलं म्हणून दिसली. ओठ निळे पडले होते. चहा पोटात गेल्यावर तिने पहिली गोष्ट काय विचारली असेल? जाळ्यात काय आलं.

तेव्हा मला तुमची किनाऱ्यावरची हजेरी आठवली. आपण एस.टी.ने कोकणात जायचो आणि ओहोटीला खडकांवर पांगायचो. दुसरे मास्तर डोकी मोजायचे, तुम्ही नाही. तुम्ही प्रत्येकाला नावाने हाक मारायचात आणि त्याने हातात काय आहे ते ओरडून सांगायचं. "शंख." "खेकडा." "काही नाही, सर." मला तो पोरकटपणा वाटायचा. एकदा मी एका खडकाआड समुद्रफूल, तो फुलासारखा दिसणारा जीव, बघत बसले आणि ऐकू येऊनही ओ दिली नाही. भरती लागली होती. तुम्ही बूट-पँटसकट कमरेइतक्या पाण्यातून आलात आणि म्हणालात, "बाईसाहेब, आपल्याला उत्तर द्यायची तसदी पडते का? पडत असेल तर घरी तसं कळवतो." परतीच्या बसमध्ये तुम्ही थरथरत होतात. कपडे ओले म्हणून थंडी वाजत असेल, असं मी समजले आणि मनातल्या मनात हसलेसुद्धा. तुम्ही घाबरला होतात, सर. हे मला समजायला जहाज वळावं लागलं. आणि तरी पुढच्या सहलीला तुम्ही मला वगळलं नाहीत. आता जहाजावर मी जॅकेटं मोजत नाही, नावं घेते.

काल त्या मुलीची आई आली होती. झालेलं सगळं मी तिला तेव्हाच घरी जाऊन सांगितलं होतं, त्यामुळे लपवण्यासारखं काही नव्हतं. पाणीसुद्धा न घेता म्हणाली, "म्याडम, पोरगी ऐकत न्हाई. जानारच हाय म्हनती. तिचा बा म्हनतो, नगं. तुमी सांगा. तुमी जाऊ दे म्हनला तर जाऊ दे, न्हाईतर मी दाराला कडी लावते." मी एक शब्द बोलले असते तर सगळं सोपं झालं असतं. कोणी मला दोष दिला नसता. उलट शहाणपण म्हणाले असते. ती मुलगी मग पुस्तकातली चित्रं बघून परीक्षा पास झाली असती. मी म्हटलं, "पाठवा." तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमाला भ्या न्हाई वाटत?" मी म्हटलं, "नाही हो. सवय झाली."

हे पत्र कुठे टाकायचं नाही, हे मला ठाऊक आहे. पण तुम्हाला सोडून हे कोणाला सांगणार? सकाळपासून फोन वाजला की वाटतं, इंजिन बिघडलं, फेरी रद्द. आत्ता पुन्हा वाजला आणि मी त्याच आशेने धावत जाऊन उचलला. ती मुलगीच होती. बंदरावर किती वाजता पोहोचायचं, विचारत होती. मी वेळ सांगितली आणि माझ्या आवाजातली भीती तिला कळायच्या आत फोन ठेवून दिला.