बटण सोडल्यावर

३ मार्च

ती. मामा,
सा. न. वि. वि.

अंतराळातल्या हौशी (हॅम) रेडिओसाठी जमलेली देणगी आधी कोणत्या कामाला द्यायची, हे ठरवणाऱ्या समितीत मला घेतलं आहे. आई सगळीकडे सांगत सुटली आहे, तेव्हा तुम्हालाही कळलंच असेल.

पैसे एकाच कामाला पुरतील. अंतराळस्थानकावरच्या रेडिओला राखीव संच नाही. आहे तो बंद पडला तर शाळकरी मुलांचं अंतराळवीरांशी बोलणं थांबेल. दुसरं काम तुम्ही हौशी मंडळी ज्याच्यामार्फत एकमेकांशी गप्पा मारता, त्या तुमच्या म्हाताऱ्या उपग्रहाचं. त्याची बॅटरी गेली आहे. तो फक्त उन्हात चालतो, आणि सावलीतून बाहेर आला की दर वेळी जमिनीवरून आज्ञा देऊन सुरू करावा लागतो. ते करणारं केंद्र पैशांअभावी बंद होतंय. मग तोही गप्प होईल.

पाय अधू झाल्यापासून तुमचा कट्टा तोच, हे मला माहीत आहे. तरी माझं मत राखीव संचाला आहे. मागाहून कळण्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं. मामींना नमस्कार. राग आला तरी लोभ ठेवा.

तुमची भाची

१० मार्च

चि. बाईसाहेबांस,
अ. उ. आ.

पत्र वाचून दिवसभर फुगून बसलो होतो. तुझी मामी म्हणाली, उपग्रहाचं काय घेऊन बसलात, तुम्ही तरी उन्हात खुर्ची टाकून दिल्याशिवाय कुठे चालू होता. मग जेवलो.

तुझं बरोबर आहे. त्या पोरांच्या वयात माझ्याशी वरून कोणी बोललं असतं, तर मला घरात आवरणं कठीण झालं असतं. आमची मंडळी हळहळतील, उपग्रहावरून माझ्याशी रोज वाद घालणारा तो दंतवैद्य सगळ्यात जास्त.

फक्त एक कर. लहानपणी स्टुलावर उभी राहून माझ्या माइकवर बोलायचीस, तेव्हा शिकवलेलं आठव. आपलं बोलून झालं की माइकचं बटण सोडायचं आणि क्षणभर थांबायचं. क्षीण आवाजाचा माणूस त्या फटीचीच वाट पाहत असतो. एवढं करून काय ते ठरव. मी कुरकुरणार नाही; कुरकुरलो तर मामीला कळव.

आशीर्वाद आहेतच, ते वापरत जा.

मामा

२४ मार्च

ती. मामा,
सा. न. वि. वि.

बैठक झाली. राखीव संचाची बाजू मांडली आणि रेडिओच्या सवयीने शेवटी ‘ओव्हर’ म्हणाले. सगळे हसले. मी थांबले.

त्या शांततेत केंद्र चालवणाऱ्या इंजिनीअर बाई पहिल्यांदा बोलल्या. त्यांचं म्हणणं, खर्च होतो तो जागेवर आणि पगारांवर. आज्ञा द्यायला मुरलेला हात आणि छपरावरचा अँटेना पुरे. हे दोन्ही असलेली काही हौशी मंडळींची घरं मिळाली तर केंद्राची गरजच नाही. त्या शिकवायला तयार आहेत.

पैसे राखीव संचाला गेले. घरांच्या यादीत तुमचं नाव मी न विचारता दिलं आहे. मी थांबायला शिकले ते तुमच्यामुळे. हे आधी कधी म्हटलं नव्हतं, म्हणून लिहून ठेवते.

लोभ आहे तसाच असू द्या.

तुमची भाची

९ एप्रिल

चि. बाईसाहेबांस,
अ. उ. आ.

बाईंनी चिकाटीने शिकवलं. दंतवैद्यही यादीत आहे. आता आमचा वाद आज्ञा द्यायच्या पाळीवरून.

आज पहिली पाळी माझी. उपग्रह सावलीतून बाहेर आला, मी आज्ञा पाठवली, बटण सोडलं आणि थांबलो. मामी दारात उभी होती.

तो बोलला, पोरी.

मामा